समुद्रापासून दूर समुद्राचे मासे
(सामान्य विज्ञान : वरच्या वर्गांसाठी पाठ)

समुद्राचे मासे समुद्रातच वाढतात, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. जर्मनीतील फोल्क्लिंगेन हे शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे; तरी २०१० नंतरच्या दशकात तेथे, कोक तयार करण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर, हौद बांधून समुद्रातील मासे पाळण्यात आले. एवढे खारे पाणी रोज दुरून आणणे परवडणारे नव्हे. म्हणून तेच पाणी शुद्ध करून पुनःपुन्हा वापरावे लागते. ते कसे, हे या पाठात समजावून द्यावयाचे आहे.

विवेचन : हौदातील पाणी प्रथम बारीक जाळीतून जाते. विष्ठा व उरलेले खाद्य तेथे अडते. पाणी नितळ दिसू लागते; परंतु नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो पाण्यात विरघळलेला असल्यामुळे जाळीत अडकत नाही, डोळ्यांस दिसत नाही, आणि साठत गेल्यास माशांचा जीव घेतो.

त्याचा बंदोबस्त सूक्ष्मजंतू करतात. दुसऱ्या गाळणीत वाळू, खडे अथवा प्लॅस्टिकचे तुकडे असतात. त्यांवर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच कमी अपायकारक असते. या जंतूंस प्राणवायू लागतो, म्हणून पाण्यात हवा सोडतात. साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी थोडे पाणी अधूनमधून बदलतात. थर तयार होण्यास काही आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडावेत. स्वच्छतेच्या भरात कोणी गाळणी जंतुनाशकाने धुतली, तर जंतू मरतात आणि त्यांच्यापाठोपाठ मासेही.

प्रयोग : एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे, समुद्राचे पाणी साधारणपणे एवढेच खारे असते. त्यातील थोडे ताटलीत घालून उन्हात ठेवावे. पाणी आटते, मीठ मागे राहते. मग विचारावे, "हौदातील पाणी आटले, तर कोणत्या पाण्याची भर घालावी?" "खाऱ्या" असे उत्तर बहुधा येईल. ताटलीकडे पुन्हा पाहावयास सांगितल्यास विद्यार्थी आपण होऊनच "गोड्या" म्हणतील.

समारोप : जंतू म्हणजे रोग, एवढेच विद्यार्थी ऐकत आलेले असतात. पिण्याच्या पाण्यातील रोगजंतूंचा नाश केलाच पाहिजे. परंतु सारेच जंतू शत्रू नव्हेत, हा विवेक या पाठातून त्यांच्या मनावर ठसावा.