रस्सा थिजतो कशाने?

घरी पायांचा रस्सा होत असेल, तर एक गोष्ट तुमच्या पाहण्यात आली असेल. रात्री पातळ असलेला रस्सा थंडीच्या दिवसांत सकाळी पातेल्यात खरवसासारखा थिजलेला असतो. शेगडीवर ठेवताच तो पुन्हा पातळ होतो. त्यात कोणी पीठ तर घातलेले नसते. मग तो थिजतो कशाने? याचे उत्तर आपण व्हिएतनाममधील एका पातेल्यात शोधू या.

तेथील ‘फो’ हा पदार्थ म्हणजे गुरांच्या हाडांचा रस्सा, तांदळाच्या चपट्या शेवया आणि गोमांसाचे पातळ काप. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई व नाम दिन्ह या भागांत तो रूढ झाला. तेथे गुरे मुख्यतः शेतीच्या कामासाठी पाळीत. फ्रेंच राजवटीत गोमांसाचा खप वाढला आणि उरलेली हाडे स्वस्तात मिळू लागली, असे मानतात. त्या टाकाऊ हाडांतून जेवण निघाले.

पहिले पाणी का फेकतात?

घरी फो करताना हाडे प्रथम थंड पाण्यात घालून उकळी आणतात. पाचदहा मिनिटांनी ते पाणी फेकून देतात व हाडे धुऊन घेतात. रक्तातील व मांसातील काही प्रथिने थंड पाण्यात विरघळतात आणि तापल्यावर गोठून करड्या फेसाच्या रूपाने वर येतात. अंडे उकडल्यावर त्यातील पांढरे घट्ट होते, तोच हा प्रकार. हा फेस काढला नाही, तर रस्सा गढूळ होतो.

तिपेडी वेणी

मग ताजे पाणी घालून त्यात भाजलेला कांदा, आले, दालचिनी, लवंग आणि चक्रीफूल टाकतात. (आपल्या मसाल्यातील चक्रीफुलाची झाडे उत्तर व्हिएतनामच्या डोंगराळ भागात आहेत.) पातेले मंद आचेवर सहाआठ तास ठेवतात. एवढा वेळ कशाला?

हाडे, कूर्चा व कातडी यांत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन असते. त्याचा रेणू म्हणजे जणू तीन पेडांची वेणी. गरम पाण्यात ही वेणी उलगडते. सुट्या झालेल्या पेडांना आपण जिलेटिन म्हणतो. हाडांतील कोलॅजेन कॅल्शियमच्या क्षारांत घट्ट बसलेले असते, म्हणून ते सुटायला तासन् तास लागतात. रस्सा थंड झाला की हे पेड जागोजागी पुन्हा एकमेकांत गुंततात, त्यांचे जाळे होते आणि पाणी त्यात अडकते. रस्सा थिजतो तो असा!

आच मोठी केली तर? खळखळ उकळीने चरबीचे बारीक थेंब होतात. जिलेटिन त्यांना एकत्र येऊ देत नाही आणि रस्सा दुधट दिसतो. मंद आचेवर चरबी वर तरंगते व पळीने काढता येते.

घाई असेल, तर प्रेशर कुकर आहेच. त्यात पाण्याचे तपमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते व काम लवकर होते. कुकरचा पूर्वज देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडन येथे तयार केला, तोच मुळी हाडे मऊ करण्यासाठी!

नुसत्या रश्श्यावर जगता येईल?

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या इस्पितळांत गरिबांना हाडांच्या जिलेटिनचे सूप देत. ते मांसाची जागा घेईल, असा दावा होता. फ्रेंच विज्ञान अकादमीने फ्रान्स्वा माजँदी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री तग धरीनात. १८४१ च्या अहवालाने तो दावा खोटा ठरवला. कारण पुढे कळले: जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला आवश्यक असणारे अमिनो आम्ल नसते. म्हणून फोच्या वाडग्यात शेवया, मांस, हिरवा पाला आणि लिंबू यांचीही गरज असते.

शेवया वेगळ्या उकडून आयत्या वेळी घालतात, कारण रश्श्यात राहिल्या तर त्यांतील पिष्ट पाणी शोषत राहते व त्यांचा लगदा होतो. कच्च्या मांसाचे काप कागदासारखे पातळ हवेत आणि रस्सा उकळता हवा, तरच ते वाडग्यात नीट शिजतील.

उरलेला रस्सा मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नये. काही जिवाणूंची बीजके उकळीतही मरत नाहीत. कोमट रश्श्यात ती झपाट्याने वाढतात. पसरट भांड्यांत ओतून तो लवकर थंड करावा, शीतकपाटात ठेवावा आणि खाण्यापूर्वी पुन्हा चांगला उकळावा.

करून पाहा : तांदळाच्या शेवया दोन वाट्यांत घ्या. मोठ्या माणसांकडून दोन्हींत उकळते पाणी ओतून घ्या. एका वाटीतील पाणी पाच मिनिटांनी काढून टाका, दुसरीतील एका तासाने. शेवयांची जाडी व पाण्याचा रंग ताडून पाहा आणि कारण वहीत लिहा.