खुर्दाद महिन्यात जन्मलेले आजोबा

प्रश्न : माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची जुनी नक्कल कपाटात सापडली. सगळा मजकूर उर्दूत आहे. शेजारच्या काकांनी वाचून सांगितलं, जन्मतारीख 'एक खुर्दाद १३४२' अशी लिहिलीय. हे कुठलं साल? मी आठवीला इतिहास शिकवते. असा घरचा कागद वर्गात नेला तर मुलं खरंच काही शिकतील, की तेवढ्यापुरती गंमत होईल?
– एक शिक्षिका, अर्धापूर

उत्तर : ताई, आधी साल सोडवू. हा फसली सन. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी दप्तर याच सनावर चालायचं. महिन्यांची नावं इराणी, आजूर, दै, बहमन अशी, आणि वर्ष सुरू व्हायचं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवले की इसवी सन हाती येतो. खुर्दाद साधारण एप्रिलमध्ये पडतो. म्हणजे तुमचे आजोबा कागदावर एप्रिल १९३३ चे.

'कागदावर' हा शब्द मुद्दाम लिहिला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

तारीख नेमकी 'एक' हीच का असावी? मुलांना आधी विचारा, तुमच्या घरात एक जूनला जन्मलेले किती जण आहेत? निम्म्या वर्गाचे हात वर जातील. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा. जन्मतारीख कोणाला ठाऊक? "पेरणीच्या आधी झाला की नंतर?" असं विचारून गुरुजी अंदाजानं वय धरायचे आणि महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. तुमच्या आजोबांच्या बाबतीतही असंच झालं असेल का? एका कागदावरून सांगता येणार नाही. पण मुख्याध्यापकांच्या परवानगीनं शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर मिळालं तर त्यातली चाळीस नावं घ्या आणि किती जणांची तारीख 'एक' आहे ते मुलांनाच मोजायला लावा. आकडा मोठा निघाला तर ही तारीख जन्माची नसून शाळेत नाव घालताना ठरवलेली आहे, हे कोणी न सांगता त्यांच्या लक्षात येईल. इतिहासाचा विचार करणं म्हणतात ते हेच. कागद खोटा नाही. गावाचं नाव, बापाचं नाव, शाळेत आल्याचा दिवस यांबद्दल तो भरवशाचा आहे, जन्माच्या दिवसाबद्दल कच्चा आहे. एकच कागद एका प्रश्नाला पक्का आणि दुसऱ्याला कच्चा असू शकतो, हे आठवीच्या मुलाला उमगलं तर पुढे त्याला मोबाइलवर आलेला मजकूरही तसाच तपासावासा वाटेल.

म्हणून झेरॉक्स वाटल्यावर पहिला प्रश्न "यात काय लिहिलंय?" हा नको. "हे कोणी लिहिलं, कधी, कशासाठी?" हा हवा. अमेरिकेत सॅम वाइनबर्ग या अभ्यासकानं १९९१ साली एक तुलना प्रसिद्ध केली. एकाच लढाईची जुनी कागदपत्रं त्यानं इतिहासकारांना दिली आणि हुशार शाळकरी मुलांनाही. मुलं पहिल्या ओळीपासून सरळ वाचत गेली. इतिहासकारांनी आधी शेवट पाहिला, लिहिणारा कोण आणि तारीख काय ते. फरक पाठांतराचा नव्हता, सवयीचा होता. आपल्या दहावीच्या पुस्तकात २०१८ पासून पहिलेच धडे इतिहासलेखनाचे आहेत, हे चांगलंच झालं. पण हातात कागद न घेतलेल्या मुलाला त्या धड्यांतले रांके आणि व्होल्टेअर ही पाठ करायची आणखी दोन नावं होऊन बसतात.

दाखल्याची भाषाही बोलते. घरात मराठी, बाजारात मराठी आणि दाखला उर्दूत, हे कसं? मुलं विचारतील, तेव्हा हैदराबाद संस्थानाची गोष्ट सांगायला तुम्हाला वेगळं निमित्त लागणार नाही. रजिस्टर मिळालं तर त्यात मुलींची नावं किती ते पाहायला सांगा. जी नावं नाहीत तीही पुरावाच असतात, आणि ही गोष्ट शिकवायला मला तरी याहून चांगलं साधन ठाऊक नाही.

असे जुने कागद मध्यंतरी वेगळ्याच कारणानं बाहेर आले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला मराठवाड्यातली कपाटं उघडली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. शोधणाऱ्यांची गरज खरी होती. पण एक शब्द शोधताना त्याच पानावरचं बाकीचं सगळं न वाचलेलंच राहिलं, याची मला हळहळ वाटते. तुमचा वर्ग ती पानं पूर्ण वाचू शकतो.

एक गोष्ट मात्र जपून करा. भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं त्या १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांना एका घरात 'मुक्ती' म्हणतात, दुसऱ्या घरात 'पोलिस ॲक्शन'. एका आजीला निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलेलं आठवतं, दुसरीला त्यानंतरचे दिवस. त्या नंतरच्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तुमच्या नांदेडचं नाव घेतलं आणि तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. हा विषय टाळू नका, पण पहिल्या तासालाही घेऊ नका. कागदाला प्रश्न विचारायची सवय मुलांना आधी रजिस्टरवर लागू द्या. मग दोन्ही आजींचं ऐकताना ती "खोटं कोण बोलतंय?" असं विचारणार नाहीत. "आजी तेव्हा कुठे होती, तिनं स्वतः काय पाहिलं?" असं विचारतील.

आणि ते शेजारचे काका? त्यांना वर्गात बोलवा. ते अक्षर लावतात कसं, कुठे अडखळतात, एखादा शब्द दोनदा का वाचतात, हे मुलांना जवळून पाहू द्या. अर्धापूरला उर्दू वाचणारं घर शोधायला लांब जावं लागत नाही, पण जुनं घसटलेलं हस्ताक्षर लावणारी माणसं आता थकत चालली आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

शेवटी, मूळ दाखल्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. त्यानं कागद कायमचा खराब होतो. स्वच्छ कोऱ्या कागदात ठेवा, कोरड्या जागी, घडी न घालता.