फुलोरा सरल्यावर कंदांची निगा



रायपूरच्या बागांतून फेब्रुवारीअखेर ग्लॅडिओलसचा बहर ओसरला, म्हणजे पुष्कळ जण वाफा नीटनेटका दिसावा म्हणून त्याची पाने कापून टाकतात. ही घाई पुढील वर्षाच्या फुलांच्या मुळावर येते. तिचे कारण समजून घेऊ या.

आपण लावलेला कंद त्याच हंगामात सुकून संपतो व त्याच्या माथ्यावर नवा कंद तयार होतो. फुलोऱ्यानंतर सहा ते आठ आठवडे हिरवी पाने जे अन्न तयार करतात, ते या नव्या कंदात साठते. म्हणून फुलदांडा कापताना झाडावर निदान चार पाने राखावीत व पाणी देत राहावे. पाने पिवळी पडू लागताच पाणी थांबवावे.

पाने सुकत आली की खुरप्याने बाजूची माती सैल करून, कंद न दुखावता उकरावेत. दोन-तीन आठवडे सावलीत, वाऱ्यावर पसरावेत. मग तळाचा जुना कंद अलगद मोडून काढावा. मऊ वा डागाळलेले कंद वेचून नष्ट करावेत. एका सडक्या कंदाने सारी पिशवी नासते. निरोगी कंद बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवून पुन्हा सुकवावेत.

खरी कसोटी पुढेच आहे. रायपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि जूनमध्ये पावसाळी दमट हवा येते. उन्हाळ्याने कंद आटतात, ओलाव्याने कुजतात. तेव्हा ते जाळीच्या पिशवीत घालून शीतगृहात, अथवा घरच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. हवाबंद प्लॅस्टिक मात्र टाळावे. याच थंडाव्याने कंदाची सुप्तावस्था संपते व पुढे कोंब एकसारखे फुटतात.

लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस कंद बाहेर काढून सावलीत ठेवावेत. लवकर फुलणाऱ्या जाती ऑक्टोबरच्या आरंभी लावल्यास नाताळच्या सुमारास फुले मिळू शकतात. कंदाभोवतीचे बारीक कंदही टाकू नयेत. दोन-तीन हंगामांनी तेही फुलतात. निशिगंधाला एवढे सायास लागत नाहीत. पाणी साचत नसेल तर तो दोन-तीन वर्षे जमिनीतच राहू शकतो.

काही शंका वाटल्यास रायपूरकरांना १९८७ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय जवळच आहे. इतरांनी आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात कंद नेऊन दाखवावा.

तेव्हा यंदा कात्री जरा आवरा. पिवळ्या पानांचा तो ओंगळ वाफा रिकामा नाही. पुढच्या वर्षीची फुले तेथेच आकार घेत आहेत.