चिठ्ठ्या तीन, पोट एक

श्रीपुरात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की कॅन्सरच्या पेशंटची पिशवी लांबूनच ओळखू येते. एक चिठ्ठी बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची, एक अकलूजच्या मानसोपचार डॉक्टरांची, एक गावातल्या दवाखान्याची. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. पण गोळ्या सगळ्या एकाच पोटात जातात.

१. दुखण्यावरचं ट्रामाडॉल देताना ‘डिप्रेशनची गोळी चालू आहे का’ असं विचारलं, तर उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. ‘डोक्याची, झोपेची, घाबरल्याची गोळी?’ असं विचारलं की आठवते. पॅरासिटामॉलसोबतच्या काही गोळ्यांतही ट्रामाडॉल असतं, म्हणून नावाखालची बारीक अक्षरं वाचायचीच.

२. ट्रामाडॉल दुखणं दाबतं, शिवाय मेंदूतलं सेरोटोनिनही वाढवतं. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळ्याही सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र आल्या की काहींना सेरोटोनिन सिंड्रोम होतो, फिटही येऊ शकते. एक मावशी औषधं न्यायला आल्या आणि रडायलाच लागल्या. घरी आजारी काकांना दरदरून घाम, जुलाब, हात थरथरतायत, पाय आपोआप उडतायत. घरात सगळे म्हणत होते, आता शेवट आला. मी चिठ्ठ्या काउंटरवर पसरल्या. डिप्रेशनची गोळी आधीपासून चालू होती, ट्रामाडॉल आदल्या दिवशी वाढवलेलं. दोन्ही नावांखाली रेघ मारली आणि तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. काकांना लगेच ॲडमिट केलं, औषधं बदलली, थरथर थांबली. आजार होता तो होताच. पण पुढचे दिवस ते घरी, शुद्धीत, नातवंडांशी बोलत राहिले. औषध बदलल्यावर किंवा वाढवल्यावर दिवसभरात अशी लक्षणं दिसली, तर ती आजारावर ढकलू नका.

३. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ट्रामाडॉल आणि कोडीन या दुखण्यावरच्या औषधांचं यकृतात रूपांतर झाल्यावर ती नीट लागू पडतात, आणि या गोळ्या नेमकं तेच रूपांतर अडवतात. मग दुखणं थांबत नाही, घरचे मनानेच एक गोळी वाढवतात आणि धोकाही वाढतो. मॉर्फीनला या रूपांतराची गरज नसते. नाव ऐकून लोक दचकतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चांगलं औषध आहे.

४. औषधांची अशी टक्कर खेड्यातच होते असं नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाली. तिला फेनेल्झीन ही डिप्रेशनची गोळी चालू होती, त्यात पेथिडीन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं गेलं. काही तासांत ती गेली.

५. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्यांबरोबर सर्ट्रालिनसारखी गोळी असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. डांबरासारखी काळी शी दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

६. हे वाचून कुणी डिप्रेशनची गोळी झटक्यात बंद करू नये. तसं केलं की गरगरतं, जीव घाबरतो, झोप उडते. शिवाय अमिट्रिप्टिलिन ही डिप्रेशनचीच गोळी कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यासाठी मुद्दामच देतात. कुठली जोडी चालेल, कुठली नाही, हे सगळ्या चिठ्ठ्या समोर असल्यावर डॉक्टरच ठरवतील.

७. खोकल्याचं औषध मागायला पोराला पाठवताना आजोबांची पिशवीही सोबत द्या. कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, आणि तेही सेरोटोनिन वाढवतं.