सर्व्हर बंद पडला, कळवणार कोण?

दहावीचा निकाल तुम्ही ज्या संगणकाकडून मागवता, त्याला सर्व्हर म्हणतात. तो मध्यरात्री बंद पडला तर? बंद पडलेला सर्व्हर स्वतः ते कळवू शकत नाही. म्हणून पहारेकरी वेगळा हवा.

दुसऱ्या इमारतीत एक लहानसा, स्वस्त संगणक ठेवा. त्याला सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम जोडा. दर मिनिटाला हा संगणक इंटरनेटवरून सर्व्हरला हाक मारील. एखादी हाक वाटेतही हरवते. म्हणून लागोपाठ तीन हाकांना सर्व्हरने ओ दिली नाही, तरच मोडेमला संदेश धाडण्याची आज्ञा द्यावी. हा संदेश मोबाइलच्या जाळ्यातून जातो. त्यामुळे इंटरनेटची तार तुटली असली तरी तो पोहोचतो.

संदेश आटोपशीर हवा. एका संदेशात ११२० बिट मावतात. साध्या रोमन अक्षराला ७ बिट लागतात, देवनागरीला १६. शिवाय काना-मात्राही वेगळे मोजले जातात. भागाकार करून पाहा : रोमन अक्षरे १६०, देवनागरी ७०!

आणि पहारेकरीच बंद पडला तर? त्याला रोज सकाळी ‘सर्व ठीक’ असा एक संदेश पाठवायला लावा. ज्या दिवशी तो येणार नाही, त्या दिवशी आधी पहारेकऱ्याला तपासा.