कोड्यांतून पशुआरोग्याचा पाठ

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी हे स्थान आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रमाची स्थापना केली. खंजिरीच्या तालावर भजन रंगवीत ग्रामसफाई, आरोग्य आणि व्यसनमुक्ती यांसारखे विषय श्रोत्यांच्या गळी उतरविण्याची त्यांची हातोटी वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत त्यांनी गोवंश-सुधारणेसाठी स्वतंत्र अध्याय योजिला. गोठ्याला वगळून गावाच्या उन्नतीचा विचार करता येत नाही, ही त्यामागील दृष्टी होय. रंजनातून बोध करण्याची ही रीत पशुआरोग्याचा पाठ मुलांना देताना कशी उपयोगी पडू शकेल, याचा विचार येथे केला आहे.

गोठ्यातील पहिला साक्षीदार

शेतकऱ्याच्या घरी सायंकाळी गुरे परतली म्हणजे त्यांना पाणी दाखविणे, वासरू सोडणे, गव्हाणीत कुटार टाकणे ही कामे पुष्कळदा मुलांच्या वाट्याला येतात. गाईने आज ढेप नुसती हुंगून सोडली, बैल रवंथ करीत नाही, शेळी कळपापासून दूर उभी आहे, या गोष्टी प्रथम मुलाच्याच दृष्टीस पडतात. परंतु त्या घरी सांगण्याजोग्या आहेत हे त्याला ठाऊक नसते. वडील माणसाचे लक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी जाते आणि मधली रात्र वाया जाते. घटसर्पासारख्या रोगात जनावर कित्येकदा एका दिवसातच दगावते; तेथे ही एक रात्र म्हणजेच सर्व काही असते.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोगाने हीच उणीव पुन्हा दाखवून दिली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसलेला हा रोग अकोला, बुलढाणा व अमरावती या जिल्ह्यांत झपाट्याने फैलावला. गुरांचे बाजार बंद करावे लागले आणि शेळ्यांच्या देवीवरील लस टोचून राज्यभर गोवंशाचे लसीकरण हाती घ्यावे लागले. हा रोग माणसाला होत नाही. तरीही दुधाविषयी अकारण भीती पसरली. उलट डास, माश्या व गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो, या महत्त्वाच्या गोष्टीकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष झाले. भीती लवकर पोहोचते, माहिती मागाहून येते; हा अनुभव काही नवा नाही.

लाकडी बैल हीच पाटी

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. शिक्षकास याहून चांगले शैक्षणिक साधन विकत घेऊनही मिळणार नाही. सण झाल्यावर हेच बैल वर्गात आणवावेत. शिक्षकाने चिठ्ठ्या तयार कराव्यात, मुलाने एक चिठ्ठी उचलावी आणि तिच्यातील तक्रार जनावराच्या ज्या भागाशी संबंधित असेल तेथे खडूने खूण करावी, असा हा साधा खेळ आहे.

‘पोट फुगले आहे’ अशी चिठ्ठी आली की मूल बहुधा पोटाखाली खूण करील. खूण हवी ती डाव्या भकाळीवर. गाईच्या पोटाचे चार कप्पे असून त्यांतील सर्वांत मोठा, म्हणजे कोटीपोट, डाव्या बाजूस असतो आणि वायू तेथेच साचतो. निरोगी जनावराच्या डाव्या भकाळीवर मूठ टेकविली, तर दोन मिनिटांत साधारण दोन-तीन वेळा कोटीपोटाची हालचाल हाताला जाणवते. हे मुलांना मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली घरच्या शांत गाईवर प्रत्यक्ष अनुभवता येते.

‘वय ओळखा’ या चिठ्ठीवर खालच्या जबड्यावर खूण करावयाची. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. ‘लाळ्या-खुरकूत’ या चिठ्ठीला एक खूण पुरत नाही, तोंड आणि खूर अशा दोन कराव्या लागतात. ‘सूज’ या चिठ्ठीवर मात्र मुलाने लगेच खूण करू नये, उलट प्रश्न विचारावा, की सूज कोठे आहे? ती घशाखाली असेल तर घटसर्पाची शंका घ्यावयाची. मागच्या किंवा पुढच्या फऱ्यावर असेल, दाबल्यास चरचरत असेल, तर ती फऱ्या रोगाची. या रोगाला एकटांग्या असेही म्हणतात. तसे का म्हणतात, हे मुलांनी लाकडी बैलाकडे पाहून स्वतःच शोधावे.

तापाचे कोडे

वरच्या वर्गांसाठी थोडे आकडेमोडीचे कोडे घालता येते. एका गोठ्यात चार जनावरे आहेत. गाईचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइट, म्हशीचे १०१, शेळीचे १०३ आणि बैलाचे १०४.५ भरले. आजारी कोण?

माणसाचे तापमान ९८.६ धरून चालणारा मुलगा चारही जनावरांना ताप आहे असे म्हणेल. शेळीचा आकडा पाहून दुसरा तिलाही आजारी ठरवील. वास्तविक आजारी आहे तो केवळ बैल. शेळीचे शरीर स्वभावतःच गाईपेक्षा अधिक उष्ण असते आणि १०३ हा आकडा तिच्या बाबतीत नेहमीचा आहे. प्रत्येक प्राण्याचे निरोगीपण त्याच्याच मापाने मोजावे लागते, हा पशुवैद्यकाचा पहिला धडा या एका कोड्यात येऊन जातो.

वऱ्हाडच्या शेताशी निगडित असे एक कोडेही घालण्याजोगे आहे. ज्वारीचा कडबा वर्षभर खाऊन बैल सुखरूप राहतो. मग पावसाने ताण दिल्यावर त्याच ज्वारीच्या गुडघ्याएवढ्या कोवळ्या पिकात शिरलेले जनावर थोड्याच वेळात तडफडून का मरते? कोवळ्या, वाढ खुंटलेल्या ताटांपासून जनावराच्या पोटात अतिविषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. पीक फुलोऱ्यात येऊन पक्व झाल्यावर, तसेच चारा नीट वाळविल्यावर हा धोका पुष्कळ कमी होतो. सोयाबीनच्या प्रसारानंतर ज्वारीचे क्षेत्र घटले असले, तरी जेथे ती पेरली जाते तेथे हे कोडे पावसाळ्याच्या तोंडीच घातलेले बरे.

हात न लावण्याची कोडी

या शिक्षणात एक धोका आहे आणि तो शिक्षकांनी विसरता कामा नये. कोडे सुटल्याचा आनंद मुलास धीट बनवितो. धीट झालेले मूल आजारी जनावराच्या तोंडात हात घालावयास कमी करणार नाही. म्हणून काही कोड्यांचे उत्तर ‘दूर राहा आणि मोठ्यांना सांगा’ एवढेच असले पाहिजे.

उदाहरणार्थ, गाईच्या तोंडातून लाळ गळत आहे, तिला गिळता येत नाही, घशात काहीतरी अडकल्यासारखे दिसते, आवाज बदलला आहे. काय करावे? ‘घशात हात घालून अडकलेले काढावे’ असे जो म्हणेल तो खेळातून बाद. ही लक्षणे पिसाळण्याचीही असू शकतात, आणि त्या लाळेतून होणारा रोग माणसात एकदा प्रकट झाला की जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, ही माहिती याच चिठ्ठीच्या मागे लिहिलेली असावी.

दुसरे उदाहरण असे. कालपर्यंत धडधाकट असलेला बैल एकाएकी मेला. नाकातून व गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत आहे. येथे काळपुळीची, म्हणजे फाशी रोगाची शंका घेऊन मृत जनावर फाडू नये, कातडे काढू नये, पशुवैद्यकास कळवावे. त्याचे जंतू हवेशी संपर्क येताच टिकाऊ बीजाणू धारण करतात आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

औषधांची नावे व मात्रा यांवर मात्र एकही कोडे असू नये. उपचार हे पशुवैद्यकाचे काम, पाहणे आणि वेळेवर सांगणे एवढेच मुलाचे.

गुराख्यांच्या डोळ्यांची किंमत

पाहण्याचे हे काम क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. बुळकांडी या भयंकर रोगाने शतकानुशतके गुरांचा संहार केला. फ्रान्समध्ये लियोन येथे १७६१ साली पशुवैद्यकाची पहिली शाळा निघाली, तिच्यामागे हेच संकट होते. भारत २००६ साली या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ साली त्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. या मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात आफ्रिकेतील दुर्गम भागात रोगाचे शेवटचे ठिकाण शोधण्यास लस एकटी पुरली नाही. तेथील गुराख्यांना रोगाची लक्षणे त्यांच्या भाषेत विचारून तज्ज्ञांनी माग काढला. गुराख्यांनी जे पाहिले होते ते त्यांना सांगताही येत होते, हे येथे महत्त्वाचे.

वर्षचक्र आणि पंचायत

शाळेच्या भिंतीवर बारा महिन्यांचे चक्र रंगविण्यास फारसा खर्च येत नाही. त्यावर लसींची कार्डे योग्य जागी लावण्याचा खेळ मुलांनी खेळावा. घटसर्प व फऱ्या यांची कार्डे पावसाळ्यापूर्वी, लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी. सांसर्गिक गर्भपाताचे कार्ड मात्र महिन्यात बसत नाही, ते चार ते आठ महिने वयाच्या कालवडीच्या गळ्यात अडकवावे लागते. मुले येथे हमखास अडतील, आणि अडावीतच. ग्रामपंचायतीने लसीकरणाच्या दिवसाची सूचना या चक्राशेजारीच लावल्यास ती घरोघर पोहोचविणारे निरोपे आयतेच मिळतील. १९६२ हा पशुसेवेचा दूरध्वनी क्रमांकही तेथे ठळक असावा. कार्डांवरील मजकूर मात्र स्थानिक पशुवैद्यकाकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. तोही लक्षणांच्या प्रचलित वऱ्हाडी शब्दांत असावा; पुस्तकी शब्दांत नव्हे.

याच चक्रावर आणखी एक कोडे घालता येते. पोळा ऑगस्टअखेर आला आणि त्याच दिवशी गाय, म्हैस व शेळी तिन्ही गाभण राहिल्या, असे समजावे. शेळी पाच महिन्यांनी, गाय नऊ महिने नऊ दिवसांनी, म्हैस दहा महिने दहा दिवसांनी विते. चक्रावर बोट फिरवीत मुले शेळीला जानेवारीअखेर, गाईला मृगाच्या सुमारास आणि म्हशीला जुलैत आणून ठेवतील. मग शिक्षकाने विचारावे, की गाय नेमकी पहिल्या पावसाच्या चिखलात विणार, तर गोठ्याची जमीन कोणत्या महिन्यात भरून घ्यावी? याचे उत्तर कोणत्याही कार्डावर नाही. ते मुलांनी घरी आजोबांना विचारून दुसऱ्या दिवशी आणावे.