वेदनेवर प्रेमाचा हात

वाचन व मनन: मार्क १:२९-३१, ४०-४२



प्रभू येशूने शिमोनाच्या सासूचा हात धरून तिला उठवले. कुष्ठरोग्याला तो नुसत्या शब्दाने बरे करू शकला असता. तरीही प्रभूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. आम्हा परिचारिकांना हा उतारा फार जवळचा वाटतो. कारण बायपास झालेल्या रुग्णाच्या खाटेजवळ घरची माणसे बहुधा लांबच उभी राहतात. हात लावला तर काही बिघडेल, अशी त्यांना भीती वाटते.

या शस्त्रक्रियेत बहुधा छातीचे मधले हाड कापून उघडतात आणि नंतर तारेने बांधतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून वेदना कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे.

स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात, असा विचार मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. मूल पडले की आई लागलेल्या जागेवर हात फिरवते, ते उगाच नव्हे! हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ११३ रुग्णांचा अमेरिकेतील मेयो क्लिनिकचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नुसती विश्रांती घेतलेल्यांपेक्षा हलके मालीश मिळालेल्यांची वेदना व चिंता अधिक कमी झाली. मात्र २००९ सालच्या क्लीव्हलँडच्या अभ्यासात असा फरक दिसला नव्हता. म्हणून स्पर्श हा औषधाच्या जोडीला असावा, औषधाऐवजी नव्हे.

आपण काय करू शकतो?

१. आधी नर्सला विचारावे, मग रुग्णाला. तो नको म्हणाला तर थांबावे.
२. हात साबणाने धुवावेत. थोडे खोबरेल तेल घेऊन तळवे व बोटे पंधरा-वीस मिनिटे हळुवार चोळावीत.
३. जखम, सलाईनची जागा, शीर काढलेला पाय आणि सुजलेली पोटरी चोळू नये.
४. उठवताना दंडाला धरून ओढू नये. खोकताना छातीशी उशी धरायला द्यावी.
५. वेदना अचानक वाढली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

रुग्णाभ्यंगाच्या संस्कारातही धर्मगुरू रुग्णाच्या मस्तकावर हात ठेवतात, कपाळाला व तळहातांना पवित्र तेल लावतात. हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही; मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो मागता येतो. ऑपरेशन ठरले की धर्मगुरूंना अवश्य कळवा.

या आठवड्यासाठी: आपल्या वाडीतील एका आजाऱ्याला भेटू या. फळांची पिशवी टेबलावर ठेवून लगेच न निघता, त्याचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसू या.

प्रार्थना: हे प्रभो, आमचे हात तुझ्या सेवेसाठी वापर. आमेन.